15 वर्षांची बाईक पासिंगला नेण्याआधी

दुचाकीच्या नोंदणीची 15 वर्षं भरत आली की 60 दिवस आधीपासून फॉर्म 25, म्हणजे नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज, भरता येतो. कागद सहज जमतात, आरटीओच्या तपासणीत (पासिंगला) गाडी अडते ती फुटकळ गोष्टींवर.

हमखास फसवतो तो ब्रेक लाइट. पुढच्या लिव्हरचा आणि मागच्या पेडलचा स्विच वेगळा असतो, म्हणून दोन्ही स्वतंत्र दाबून बघा. पेडलच्या स्विचची स्प्रिंग चिखलाने जाम होते किंवा सैल पडते. मग ब्रेक लागतो, दिवा मात्र नाही. स्विचची बॉडी घट्ट धरून फक्त नट फिरवा आणि स्विच वर घ्या. बॉडीच फिरली तर वायर पिळून तुटते.

चासी नंबर गंजला असेल तर रॉकेल आणि जुना टूथब्रश. पॉलिश पेपर अजिबात नको, खाडाखोडीचा संशय येतो.

मेन स्टँडवर लावून मागची सीट कुणाला तरी दाबायला सांगा. पुढचं चाक उचललं की फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) खालून पुढे-मागे हलवा. ‘कट’ आवाज आला तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) सैल. हँडल मधोमध खाचेत अडकतंय, तर तो बदलायलाच झाला.