गावात ऑनलाइन शिक्षण न्यायचंय? मग नेट इंदूरातच ठेवून जा

आमची सुरुवात झूमवरून झाली होती. दर रविवारी सकाळी दहा वाजता मी इकडे इंदूरात लॅपटॉप लावून बसायचे आणि तिकडे मानपूरचा घाट उतरून खाली निमाडात जे गाव लागतं तिथली पोरं टेकडीवरच्या महुआच्या झाडाखाली गोळा व्हायची, कारण नेटवर्क फक्त तिथेच यायचं. चाळीस मिनिटांपैकी तीस मिनिटं "आवाज येतोय का, आवाज येतोय का" यातच जायची. तिसऱ्या रविवारी फक्त दोन पोरं आली, एक शेळ्या घेऊन. मग डोक्यात प्रकाश पडला की नेटची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, जे शिकवायचं ते इंदूरात डाउनलोड करायचं आणि डब्यात घालून गावात न्यायचं. आता आमच्या गणपती मंडळातले लोक विचारतात की आम्हालाही अमुक गावात करायचंय, कसं करू, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते, प्रत्येकाला फोनवर तासभर सांगायचं त्राण नाही माझ्यात.

सगळ्यात आधी गावात जा, आणि रिकाम्या हाताने जा

टॅबलेट, प्रोजेक्टर काही नेऊ नका. नुसतं जाऊन बसायचं, चहा प्यायचा, फोन मोजायचे. किती घरांत स्मार्टफोन आहे हे विचारून उपयोग नाही, जवळजवळ सगळ्यांकडे असतो. विचारायचं असं की संध्याकाळी चार ते सहा तो फोन कुठे असतो. आमच्या गावात तो बापाबरोबर पीथमपूरच्या कारखान्यात असतो आणि रात्री आठला येतो तेव्हा बॅटरी चार टक्के आणि मोठा भाऊ रील बघायला टपलेला. मुलीच्या हातात तर तो येतच नाही. हे एकदा कळलं की "प्रत्येकाने आपापल्या घरी बघा" हा प्लॅन आपोआप कचऱ्यात जातो.

शाळेच्या हेडमास्तरांना आणि सरपंचांना भेटाच, लपूनछपून काही करू नका. पण सेंटरची, म्हणजे पोरं एकत्र बसून शिकतील ती जागा मात्र सरपंचांच्या घरी ठेवू नका, कितीही आग्रह झाला तरी. वस्ती फलियांमध्ये (म्हणजे वाड्यांमध्ये) विखुरलेली असते आणि एका फलियाची पोरं दुसऱ्या फलियाच्या मोठ्या घरात पाय ठेवत नाहीत, हे कोणी तोंडाने सांगत नाही, ते रिकाम्या जागेवरूनच कळतं. आणि संध्याकाळी पाणी भरायच्या वाटेवर जागा असली तर मुली येतात. आम्हाला हँडपंपाजवळची एक ओसरी मिळाली.

मग माणूस शोधा (खरं म्हणजे बाई)

हे जमलं नाही तर पुढचं वाचूच नका. गावातच राहणारी, निदान बारावी झालेली, आणि रोज दोन तास देऊ शकेल अशी कोणीतरी. आमची दीदी त्याच ओसरीवाल्या घरची सून आहे, सासूबाईंना आधी पटलं नव्हतं, पण पोरं घरासमोरच बसतात आणि सून नजरेसमोर राहते म्हटल्यावर त्या शांत झाल्या, आता त्याच पोरांना हाका मारून आणतात. तिला आम्ही महिन्याला अडीच हजार देतो. "सेवा म्हणून करेल की" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांना विचारा की तुम्ही रोज दोन तास फुकट काय करता. पैसे गणपतीच्या वर्गणीतून बाजूला काढतो, वर्षभराची रक्कम हातात असल्याशिवाय सुरूच करू नका.

तसं हे सगळं काही नवीन नाही. १९७५-७६ मध्ये साइट नावाच्या टीव्ही-शिक्षणाच्या प्रयोगात देशातल्या २४०० गावांत उपग्रहावरून टीव्ही दाखवला होता, त्यात मध्य प्रदेशातलीही गावं होती. नंतर १९९६ साली इस्रोने आपल्या शेजारच्या झाबुआत १५० ठिकाणी डिश लावल्या आणि कार्यक्रम यायचे अहमदाबादच्या स्टुडिओतून. म्हणजे गावापर्यंत सिग्नल पोचवायचं काम पन्नास वर्षांपूर्वीच जमलं होतं. सेट बंद झाल्यावर समोर बसलेल्या पोराला "काय कळलं सांग बरं" असं विचारणारं माणूस मात्र उपग्रहावरून येत नाही, ते गावातच शोधावं लागतं.

डब्यात काय भरायचं

आम्ही कोलिब्री वापरतो. हे फुकट सॉफ्टवेअर आहे, बिनानेटचंच बनवलंय, हिंदीतही चालतं. इंदूरात घरच्या वायफायवर त्यात चॅनल उतरवून घ्यायचे, खान अकॅडमीचे हिंदी गणिताचे व्हिडिओ आणि सराव, शिवाय प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरच्या गोष्टी, एवढ्यावर पहिले सहा महिने आरामात निघतात. प्रत्येक मुलाचं वेगळं लॉगिन होतं आणि दीदीला दिसतं की कोण कुठे अडकलंय, हे मला सगळ्यात कामाचं वाटतं. पुस्तकातल्या धड्यांसाठी दीक्षा अ‍ॅप आहे, सरकारी, २०१७ पासूनचं. पाठ्यपुस्तकावर जो चौकोनी कोड छापलेला असतो तो स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं, ते आधीच डाउनलोड करून ठेवलं तर नंतर नेट लागत नाही. ज्यांच्या घरी टीव्ही आहे त्यांच्यासाठी डीडी फ्री डिशवर पीएम ई-विद्याचे चॅनल असतात, महिन्याचा रिचार्ज नाही, एकदा डिश बसवली की झालं.

जागेचा हिशोब सोपा आहे, ३६० पीचा (म्हणजे कमी क्वालिटीचा) एक तासाचा व्हिडिओ साधारण ३०० ते ४०० एमबी घेतो, म्हणजे शंभर तासांना तीस-चाळीस जीबी. १२८ जीबीचं कार्ड पुरतं.

आता एक महत्त्वाचं, भरण्याआधी प्रत्येक व्हिडिओ स्वतः बघा, नुसतं टायटल वाचून भरू नका. आम्ही ऋण संख्यांचा एक छान व्हिडिओ नेला होता, लिफ्ट तळघरात जाते, वजा एक, वजा दोन. पोरांनी शांतपणे बघितलं आणि मग एकाने विचारलं की हा डबा दोरीने खेचतात का. लिफ्ट कोणी बघितलेलीच नव्हती! पुढच्या खेपेला मी काही दुसरं शोधून नेणार होते, तोवर दीदीनेच पोरांना पायऱ्यांच्या विहिरीवर नेलं, काठ म्हणजे शून्य, एक पायरी उतरलं की ऋण एक, आणि विचारलं की आज पाणी कितीवर आहे. "ऋण चौदा!" आणि बैसाखात? त्यावर दोन पोरांचं भांडण झालं, ऋण बावीस की ऋण चोवीस, आणि ते मिटवायला म्हातारे मधे पडले. नंतर तोच लिफ्टचा व्हिडिओ पुन्हा लावला तर सगळ्यांना समजला. भाषेचंही असंच, शाळेची हिंदी आणि घरची भिलाली, पहिली-दुसरीच्या पोरांसाठी दीदी व्हिडिओ मधेच थांबवून भिलालीत सांगते. थांबवायचं बटण कुठलं हे तिला पहिल्या दिवशी शिकवा.

यंत्र जोडणी, यात भाच्याची मदत घ्या

कोलिब्री चालवायला माझ्या भाच्याने रास्पबेरी पाय लावला होता, पत्त्यांच्या कॅटएवढा छोटा कंप्युटर, पाच-सहा वॅट खातो, २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर सात-आठ तास सहज जातो. छान आहे, पण त्याच्या आत बॅटरीवालं घड्याळ नसतं (पाय ४ ची गोष्ट सांगतेय), त्यामुळे बिनानेटचा तो दर वेळी चुकीची तारीख धरायचा आणि आमची दोन महिन्यांची हजेरी भलत्याच दिवसांवर चढली. वर एकदा लाइट गेली, कोणीतरी वायर ओढली आणि कार्ड करप्ट, पोरांची तीन आठवड्यांची प्रगती साफ. तेव्हापासून मी जुना लॅपटॉपच बरा म्हणते, चार जीबी रॅमचा असला तरी चालतो, स्वतःची बॅटरी असते आणि बिघडला तर स्क्रीनवर निदान दिसतं की काय झालंय. काहीही वापरा, पण दुसरं कार्ड किंवा पेनड्राइव्ह भरून दीदीच्या पेटीत ठेवा, आणि पेटी पत्र्याची, उंदीर केबल कुरतडतात.

लॅपटॉप एका जुन्या ब्रॉडबँड राउटरला वायरने जोडायचा. राउटरला इंटरनेट नसलं तरी त्याचं वायफाय चालतं, फोन त्याला जोडले जातात आणि ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा नंबर) टाकून पुढे :८०८० लिहिलं की कोलिब्री उघडतं. तो पत्ता मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावा. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो घ्याच. आणि इथे सगळे एकदा तरी फसतात: फोन म्हणतो "या वायफायवर इंटरनेट नाही" आणि चुपचाप मोबाइल डेटावर उडी मारतो, मग पान उघडत नाही. मोबाइल डेटा बंद करायचा आणि मेसेज आला की कनेक्टेड राहा असं दाबायचं. बस. यासाठी मी एकदा दीड तासाची चक्कर मारून गेले होते.

फोन आम्ही नवे घेतले नाहीत, गणपतीनंतर मंडळात जुने मागितले. चौदा आले, त्यातले चार बॅटरी फुगलेले, ते सरळ ई-कचऱ्यात द्या, "चालतोय की" म्हणून पोरांच्या हातात देऊ नका. तीन फोन रिसेट झाले पण आधीच्या मालकाचा गूगल पासवर्ड मागत बसले आणि मालक काकांना तो आठवेना. म्हणून फोन घेतानाच समोर बसवून आधी गूगल अकाउंट काढायला लावा, मगच रिसेट. सात कामाचे निघाले, एका फोनवर दोन पोरं बसतात आणि खरं सांगू का, एकेकटं बसण्यापेक्षा तेच बरं पडतं, एक सोडवतो, दुसरा भांडतो.

वेळापत्रक गावाच्या हिशोबाने

आमचं पाच ते सात, हाटाच्या (आठवडी बाजाराच्या) दिवशी सुट्टी. होळीआधी भगोरियाच्या जत्रेच्या आठवड्यात तर तिकडे फिरकूही नका, कोणी येणार नाही आणि यावं तरी का. दिवाळीनंतर निम्मी घरं मजुरीला गुजरातेत जातात, पोरं बरोबर, ती होळीलाच परततात. पहिल्या वर्षी मला वाटलं की पोरांनी सेंटर सोडलं, मी दीदीला उगाच दोन शब्द बोलले, अजून वाईट वाटतं. आता जाणाऱ्यांच्या फोनमध्ये धडे आणि गोष्टी घालून देतो. काही बघतात, काही नाही. परत आल्यावर त्यांना मागच्याच धड्यापासून धरायचं, बाकीच्यांबरोबर ओढायचं नाही.

आणि पोरांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकायचे नाहीत. आईबापांना विचारल्याशिवाय तर नाहीच. वर्गणी देणाऱ्यांना फोटो हवे असतात हे मला माहितीये, त्यांना विहिरीचा पाठवा.

महिन्यातून एक खेप

माझी पिशवी ठरलेली आहे: भरलेला पेनड्राइव्ह, एक जास्तीचा चार्जर, दोन केबल, दीदीचं पाकीट, आणि पोरांना सेव. जाऊन आधी हजेरी बघायची नाही, मागणीची वही बघायची. दीदीकडे एक वही आहे, त्यात कोणालाही काय शिकायचंय ते लिहिता येतं. सुरुवातीला पोरंच लिहायची, आता मोठेही लिहितात, ब्लाउजची कटिंग, पोलीस भरतीची दौड, मक्यातली अळी. गेल्या खेपेला एका मोठ्या मुलाने लिहिलं होतं, "कुएँ की मोटर जल जाए तो बाइंडिंग कैसे करें". ३६० पीमध्ये तार किती वेढे गेली ते दिसतच नव्हतं, म्हणून तेवढा एक व्हिडिओ ७२० पीमध्ये उतरवून घेतलाय, या रविवारी नेतेय.