पहाटे आपोआप चालणारी कामं: नो-कोड ॲपमध्ये या चुका टाळा

दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे द्राक्षबाग दिवसांवर चालते. ऑक्टोबरची छाटणी झाली की बागायतदार तारखेचं नाव घेत नाही. ‘प्लॉट बावीस दिवसांचा झाला’ एवढंच म्हणतो आणि फवारणी, विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं) त्याच हिशोबानं ठरतं. रोज पहाटे प्रत्येक प्लॉटचे दिवस मोजून शेतकऱ्याला संदेश पाठवणारं ॲप बबलसारख्या साधनावर कोड न लिहिता बनवता येतं. पण हे काम कोणी समोर बसून पाहत नसतं. बटण चाललं नाही तर माणूस लगेच फोन करतो. पहाटेचं काम थांबलं तर आठवडाभर कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून इथं जास्त काळजी घ्यावी लागते.

सुरुवातीलाच होणारी चूक म्हणजे काम पानावर लावणं. बबलमध्ये ‘दर अमुक सेकंदांनी करा’ असा इव्हेंट पानावर मिळतो, पण तो पान उघडं असेपर्यंतच चालतो. ते पान उघडलेला कॉम्प्युटर बंद झाला की संदेशही बंद. वेळेवर चालायचं काम बॅकएंड वर्कफ्लोमध्येच, म्हणजे पान उघडं नसतानाही सर्व्हरवर चालणाऱ्या कामांच्या क्रमातच हवं. ती सोय सेटिंग्जच्या एपीआय भागातून आधी चालू करावी लागते. आपल्या प्लॅनमध्ये ठरावीक काळानं चालणारी कामं बसतात का, हेही तेव्हाच पाहून घ्या.

घड्याळ कोणाचं?

सर्वांत जास्त घोळ इथं होतो. बरेच सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे आहोत. समजा छाटणीची नोंद नुसती तारीख म्हणून ठेवली आहे, 10 ऑक्टोबर. काम पहाटे 5 ला लावलंय. 1 नोव्हेंबरच्या पहाटे प्लॉट 22 दिवसांचा असतो, पण सर्व्हरच्या घड्याळात अजून 31 ऑक्टोबरचे रात्रीचे 11.30 वाजलेले असतात. तो 21 मोजतो. तेच काम सकाळी 6 ला लावलं की उत्तर बरोबर 22 येतं. मग सूत्र बरोबर की चूक, यावर माणूस तासन्‌तास डोकं फोडतो. सूत्रात काहीच चुकलेलं नसतं. पावसाळी हवेत डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या फवारणीला एक दिवस उशीर म्हणजे काय, हे बागायतदाराला सांगावं लागत नाही. त्यामुळे ‘आजची तारीख’ काढताना टाइमझोन एशिया/कोलकाता असा स्वतः लिहून द्या, सर्व्हरवर सोडू नका. क्रॉनला (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या वेळापत्रकाला) टाइमझोन देता येत नसेल तर सकाळी 6 साठी तास 0 आणि मिनिट 30 लिहा.

बबलऐवजी गुगल ॲप्स स्क्रिप्ट (गुगल शीटसारख्या सेवांमधली कामं आपोआप करणारं साधन) वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. रोज 9 चा ट्रिगर, म्हणजे काम सुरू करायची वेळ, लावला की तो 9 ते 10 च्या मधल्या एखाद्या वेळी चालतो, ठोक 9 ला नाही. शिवाय ट्रिगर ज्याच्या खात्यातून बनवला त्याच्याच खात्यावर चालतो. ॲप बनवून देणाऱ्या मुलाच्या खात्यावर तो राहू देऊ नका, धंद्याच्या खात्यावर घ्या.

एकाच शेतकऱ्याला दोन संदेश

बबलमध्ये बरेच जण वर्कफ्लोच्या शेवटी तोच वर्कफ्लो उद्यासाठी शेड्यूल करतात. पद्धत चांगली आहे, पण सुरू करायचं बटण दोनदा दाबलं गेलं की दोन साखळ्या समांतर चालतात आणि रोज दोन संदेश जातात. शेड्यूल करताना मिळणारा आयडी जपून ठेवा. तो असेल तरच जुनी साखळी रद्द करून नवी लावता येते. सध्या काय काय रांगेत आहे ते लॉग्जमधल्या (ॲपच्या कामांच्या नोंदींमधल्या) शेड्यूलर टॅबमध्ये दिसतं.

चाचणीतही सांभाळा. बबलमध्ये डेव्हलपमेंट (चाचणीची प्रत) आणि लाइव्ह (लोक वापरतात ती प्रत) यांचे डेटाबेस वेगळे असतात, म्हणून लोक खरा डेटा चाचणीसाठी कॉपी करतात. त्यासोबत खरे मोबाइल नंबरही येतात आणि चाचणीचे संदेश थेट बागेत पोहोचतात. कॉपी केल्या केल्या सगळे नंबर बदलून स्वतःचा टाका.

शेकडो प्लॉट एकाच फेरीत उरकायचा हट्टही नको. ॲप्स स्क्रिप्टमध्ये एक फेरी 6 मिनिटांत संपावी लागते, नाहीतर अर्धे शेतकरी राहून जातात. एकेक प्लॉट थोड्या अंतरानं रांगेत लावा.

एक दिवस चुकला तर

‘दिवस बरोबर 22 असतील तर पाठव’ अशी अट अनेक ॲपमध्ये दिसते. त्या पहाटे काम चाललं नाही तर तो संदेश कधीच जात नाही. अट ‘22 किंवा जास्त, आणि अजून पाठवलेला नाही’ अशी घ्या. त्यासाठी प्रत्येक प्लॉटवर, प्रत्येक सल्ल्यासाठी ‘पाठवला’ ही खूण हवी. संदेश गेल्यावरच ती लावा. दोन साखळ्यांचा त्रासही या खुणेनं बराच कमी होतो.

फेरी संपली की स्वतःला एक संदेश येऊ द्या: किती प्लॉट तपासले, किती संदेश गेले, किती अडकले. साडेसहापर्यंत तो आला नाही तर काहीतरी बिघडलंय असं समजून लॉग उघडा. सल्ला दोन दिवस उशिरा निघत असेल तर तो आपोआप जाऊ देऊ नका. हवा बदललेली असते, कदाचित फवारणीही झालेली असते. असे प्लॉट वेगळ्या यादीत काढा आणि त्या शेतकऱ्याला फोन लावा.