ताठ पायांवर उपचार निवडताय? या चुका टाळा

"शेजारच्या मुलीला बोटॉक्सने फरक पडला, मग आमच्याला का देत नाही?" सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडणं) असलेल्या मुलांच्या आया फिजिओथेरपीच्या ओपीडीत हे इतक्यांदा विचारतात, की मी आता उत्तर न देता आधी मुलाचं पाऊल हातात घेते.

मूल पाठीवर, गुडघा सरळ. पाऊल घोट्यातून सावकाश वर न्यायचं, मग तेच पटकन. सावकाश नेलं तर पूर्ण वर येतं, पण झपकन नेलं की मध्येच अडकतं, तर तो मेंदूकडून आलेला ताठरपणा. दोन्ही वेळा एकाच जागी अडलं, तर पोटरीचा स्नायूच आखूड झालाय. बऱ्याच मुलांत दोन्ही थोडं थोडं असतं. बोटॉक्स म्हणजे स्नायू काही काळ सैल करणारं इंजेक्शन; ते मेंदूकडून आलेल्या ताठरपणावर काम करतं. आखूड स्नायू त्याने लांब होत नाही; तिथे प्लास्टर, स्प्लिंट (पाऊल नीट स्थितीत धरून ठेवणारा साचा) किंवा ऑर्थोपेडिक ऑपरेशनचा विचार होतो. ही तपासणी न होताच 'बोटॉक्स की ऑपरेशन' हा वाद घालणं ही सगळ्यात मोठी चूक. (घरी झटके देऊन बघू नका, हे थेरपिस्टकडूनच करून घ्या.)

दुसरी चूक म्हणजे 'ताठरपणा पूर्ण घालवा' असं मागणं. काही मुलं त्या ताठरपणाच्या आधारावरच उभी असतात. खाली ताकद नसेल आणि पाय एकदम सैल झाले, तर गुडघे वाकतात आणि आधी चार पावलं टाकणारं मूल बसूनच राहतं. म्हणून डॉक्टरांना नेमकं सांगा: टाच टेकायला हवीय, की लंगोट बदलताना मांड्या उघडायला हव्यात? दोन्हींचे उपचार वेगळे असू शकतात.

ताठरपणा सगळ्या अंगात असेल तर बॅक्लोफेनसारखं तोंडाने घ्यायचं औषध. त्याने पेंग येते, लाळही वाढू शकते. दोन-चार स्नायूंपुरता असेल तर बोटॉक्स. दोन्ही पाय ताठ, पण आत ताकद चांगली, अशा साधारण 4 ते 10 वर्षांच्या निवडक मुलांमध्ये कमरेतल्या संवेदी मज्जातंतूंचे काही धागे कापण्याचं ऑपरेशन असतं, त्याला एसडीआर म्हणतात. कापलेला धागा परत जोडता येत नाही, आणि पुढे कित्येक महिने कसून व्यायाम लागतो. पोटाच्या कातडीखाली बसवायचा बॅक्लोफेनचा पंप फार तीव्र ताठरपणासाठी.

बोटॉक्सबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जाताना पाहते. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन-चार महिन्यांत ओसरतो. स्नायू ताणायला, स्प्लिंट घालायला, नव्या पद्धतीने चालायला शिकायला एवढाच वेळ हातात असतो. पण इंजेक्शननंतर 'आता थोडा आराम देऊ' म्हणून थेरपी बंद होते आणि चौथ्या महिन्यात फोन येतो, "उपयोग झाला नाही हो मॅडम."

चांगलं चाललेलं मूल अचानक जास्त ताठलं तर लगेच औषध वाढवायला धावू नका. शौचाला कधी झाली, लघवीला जळजळतंय का, दात-कान दुखतोय का, ते बघा. एका मुलाच्या आठवडाभराच्या ताठरपणाचं कारण आम्हाला स्प्लिंटच्या आत सापडलं: मोज्याची घडी, आणि टाचेवर लालबुंद वळ.

बॅक्लोफेन सुरू असेल तर एक पक्कं. ते मनाने एकदम बंद करायचं नाही. दिवाळीला गावी गेलं आणि बाटली घरी राहिली, असं होतं. अचानक थांबवल्यास फिट येणं, ताप, भास होऊ शकतात. बंद करायचं असेल तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. बाटली संपायच्या आठवडाभर आधी दुसरी आणा.

स्टेम सेलच्या जाहिराती पाहून कर्ज काढू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सेरेब्रल पाल्सीसाठी तो क्लिनिकल ट्रायलबाहेर, म्हणजे उपचार तपासून बघण्याच्या अभ्यासाबाहेर, देण्याचा उपचार नाही, आणि ट्रायलमध्ये पालकांकडून पैसे घेत नाहीत.

या सगळ्या तुलनेत पायांकडे बघता बघता खुबा राहून जातो. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण एक तृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू खोबणीतून सरकतो, न चालणाऱ्यांत त्याहून जास्त, आणि सुरुवातीला दुखत नाही. एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडत असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता खुब्याच्या एक्स-रेबद्दल विचारा.