नेव्हीच्या रँक लिहिताना या चुका टाळा (आणि कॅप्टनला मेजरच्या खाली बसवू नका)

४ डिसेंबर जवळ आला की नौदल दिनाचे बॅनर, पत्रिका, भाषणं "जरा नजर टाक" म्हणून माझ्याकडे येतात आणि दरवर्षी चुका त्याच.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक कॅप्टनची. आर्मीतला कॅप्टन आणि नेव्हीतला कॅप्टन यांच्यात नाव सोडलं तर काही सारखं नाही. आर्मीचा कॅप्टन म्हणजे नेव्हीचा लेफ्टनंट, आणि नेव्हीचा कॅप्टन म्हणजे थेट कर्नलच्या बरोबरीचा, म्हणजे मेजरच्या वर. आमच्या सोसायटीत एकदा दोन पाहुणे होते, एक रिटायर्ड मेजर, एक नेव्हीतले रिटायर्ड कॅप्टन. पत्रिकेत मेजर वर, कॅप्टन खाली, खुर्च्या पण त्याच हिशोबाने, आणि पत्रिका तपासली कोणी तर मीच, घाईघाईत. शाल-श्रीफळ घेऊन सेक्रेटरी मेजरसाहेबांपुढे उभे राहिले तर ते स्वतःच उठले, कॅप्टनसाहेबांना म्हणाले "सर, आधी तुम्ही." सेक्रेटरी माझ्याकडे बघतायत, मी पंख्याकडे. तेव्हापासून रँकच्या पुढे 'भारतीय नौदल' लिहिल्याशिवाय मी पत्रिका सोडतच नाही, जागा नसेल तर फुलांचं चित्र काढा.

यात अजून एक गंमत आहे, जहाजाचा प्रमुख कुठल्याही रँकचा असो, जहाजावर तो कॅप्टनच. १९७१ ला कराचीवर गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या मिसाइल बोटींचे प्रमुख रँकने लेफ्टनंट कमांडर होते, तरी आपापल्या बोटीचे कॅप्टन तेच. खुखरी या युद्धनौकेचे महेंद्रनाथ मुल्ला मात्र रँकनेही कॅप्टन.

दुसरी माझी आवडती चूक, "भारताचे पहिले अ‍ॅडमिरल रामदास कटारी". अहो, २२ एप्रिल १९५८ ला ते पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले हे खरं, पण व्हाइस अ‍ॅडमिरल म्हणून, म्हणजे अ‍ॅडमिरलच्या एक पायरी खाली. त्यांच्यानंतरचे सोमण पण व्हाइस अ‍ॅडमिरलच. पूर्ण अ‍ॅडमिरल होणारे पहिले भारतीय अधिकारी अधर कुमार चॅटर्जी, आणि तेही १९६६ ला प्रमुख झाले तेव्हा नाही, १ मार्च १९६८ ला. आजच्या प्रमुखाच्या गाडीवर चार तारे (अ‍ॅडमिरलची खूण) दिसतात म्हणून लोक तेच तारे मागे नेऊन सगळ्यांना चिकटवतात. १९४७ ला तर प्रमुख हॉल हे रिअर अ‍ॅडमिरल, म्हणजे आणखी एक पायरी खाली होते! माझी सवय अशी, की आधी साल बघायचं, मग रँक लिहायची. फॉरवर्ड आलेली यादी कॉपी-पेस्ट करणाऱ्यांना एवढाही धीर नसतो.

कमोडोर आणि कमांडर एक नाहीत. कमोडोर म्हणजे ब्रिगेडियरच्या बरोबरीचा, कमांडर दोन पायऱ्या खाली, आणि मोबाइलचा कीबोर्ड कायम दुसराच शब्द सुचवतो.

'रिअर' म्हणजे रिटायर्ड नाही. जुन्या इंग्रजी ताफ्यात पिछाडी सांभाळायचा तो रिअर अ‍ॅडमिरल, आघाडीला व्हाइस, मध्ये अ‍ॅडमिरल, एवढंच.

'अ‍ॅडमिरल ऑफ द फ्लीट' ही रँक आपल्याकडे कागदावर आहे, आजवर कोणालाच दिलेली नाही, त्यामुळे कोणाच्याही फोटोखाली टाकू नका.

कान्होजी आंग्र्यांना 'अ‍ॅडमिरल' लिहावं का, यावर लोक भांडतात. मी सरखेल, म्हणजे मराठा आरमाराचा प्रमुख, असं लिहितो. त्यांचा स्वतःचा किताब असताना अरबी 'अमीर'पासून युरोप फिरून आलेला शब्द कशाला? तसा 'अ‍ॅडमिरल' लिहिलं तर चूक म्हणणार नाही, पण पुढे 'भारतीय नौदलाचे' जोडलंत की संपलं, कान्होजी १७२९ ला गेले.

आणि फोटो. २०२३ च्या डिसेंबरअखेरीस रिअर अ‍ॅडमिरल आणि वरच्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्या बदलल्या, शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आलाय त्यावर. आत्ताच्या अधिकाऱ्याचं नाव आणि शेजारी जुन्या पट्टीचा फोटो असा बॅनर या वर्षी दोनदा परत पाठवलाय, दोन्ही वेळा प्रिंटिंगच्या आदल्या रात्री अकराला आला होता.