स्क्रूचा माथा आणि खाच: कोणत्या कामाला कोणता स्क्रू

दुकानात आपण स्क्रूची लांबी आणि जाडी नीट सांगतो, माथ्याबद्दल मात्र काहीच बोलत नाही. काम बिघडते ते बहुधा माथ्यापाशीच. माथ्याचे दोन भाग वेगवेगळे तपासावेत: तो वस्तूवर कसा बसतो आणि त्याच्या खाचेत पेचकस किती घट्ट बसतो.

बिजागरीच्या पट्टीतील भोके वरच्या तोंडाशी तिरकी, पसरट केलेली असतात. तेथे सीएसके, म्हणजे वरून सपाट आणि खाली निमुळता होत जाणारा माथाच हवा, कारण गोलसर पॅन हेड वर उरते आणि दार मिटताना दोन पट्ट्यांच्या मध्ये येते. उलट पातळ पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी लावताना सीएसकेचा निमुळता भाग पाचरीसारखा घुसून पट्टीला चीर पाडतो. तेथे खालून सपाट असलेले पॅन हेडच योग्य. जिप्सम बोर्डाच्या काळ्या स्क्रूचा माथा तुतारीच्या तोंडासारखा वळणदार असतो, त्यामुळे बोर्डावरचा कागद न फाटता माथा किंचित आत बसतो. हे स्क्रू कडक पण ठिसूळ असल्यामुळे, स्वस्त मिळाले तरी, जड दाराच्या बिजागरीला वापरू नयेत.

खाचेची निवड अधिक काळजीने करावी. जुन्या दारांच्या पितळी स्क्रूंची सरळ खाच हातानेच फिरवावी; ड्रिलवर त्यातून पेचकसाचे टोक बाजूला सरकते आणि लाकडावर ओरखडा उमटतो. फुलीच्या खाचेला बाजारात सरसकट ‘स्टार’ म्हणतात आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. फिलिप्स आणि पोझिड्राइव्ह या दोन्ही फुल्याच आहेत; परंतु माथा उजेडात धरून पाहिला, तर पोझिड्राइव्हच्या मुख्य फुलीच्या मधल्या जागांत चार बारीक रेघा दिसतात. त्यात फिलिप्सचे टोक सैल बसते, ते वर उसळते आणि दोन-तीन झटक्यांत खाचेच्या कडा गुळगुळीत होतात. मॉड्युलर स्वयंपाकघराच्या सामानात पोझिड्राइव्ह बरेचदा आढळतो. म्हणून पीएच-२ (फिलिप्सचे) आणि पीझेड-२ (पोझिड्राइव्हचे) ही दोन्ही टोके जवळ ठेवावीत.

लांब स्क्रू प्लायवूडमध्ये ड्रिलने बसवायचे असतील, तर माझी पसंती टॉर्क्सला आहे. १९६७ साली आलेल्या या सहा पाकळ्यांच्या खाचेच्या भिंती जवळजवळ उभ्या असल्यामुळे टोक वर ढकलले जात नाही आणि ड्रिलवर कमी जोर द्यावा लागतो. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला साधारणपणे टी-२० आणि ५ मिलिमीटरला टी-२५ टोक लागते. खाच कितीही चांगली असली तरी, कडेजवळ स्क्रू लावताना आधी बारीक भोक पाडावेच. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला अडीच ते तीन मिलिमीटरचे भोक पुरते.

छताच्या पत्र्याला षटकोनी माथ्याचा, रबरी वॉशर असलेला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू लावतात. वॉशर जरासा दबला की थांबावे. तो कडेने बाहेर फुगला, तर पुढे तेथूनच पाणी झिरपते.

खाच झिजलीच, तर पॅन हेडच्या वर आलेल्या माथ्यावर हॅकसॉने नवी सरळ खाच पाडता येते. सीएसकेचा माथा पृष्ठभागाशी सपाट असल्यामुळे तेथे करवत चालवायला जागा नसते. अशा वेळी माथ्यापुरते ड्रिल करून तो उडवावा, पट्टी काढावी आणि उरलेला दांडा पकडीने फिरवून बाहेर काढावा.