खेळलेल्या गेमचे परीक्षण तपासताना

महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाकडून व्हिडिओ गेमच्या परीक्षणलेखनाच्या स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून बोलावणे आले, की आपण पुरेसे गेम खेळलो आहोत का, ही शंका सर्वांत आधी मनात येते. मलाही ती दर वेळी येते, आणि लेखांचा गठ्ठा हाती पडल्यावर पहिल्या संध्याकाळी तर ती फारच छळते. पुण्यातील ज्या स्पर्धांसाठी मी हे काम केले, तेथे एक परीक्षक मराठीच्या जाणकारीसाठी आणि दुसरा गेमच्या जाणकारीसाठी नेमलेला असे, आणि अवघड निर्णय या दुसऱ्याच्या गळ्यात पडत. नव्याने या कामाला लागणाऱ्यांना मला जे सांगायचे आहे, ते या समजुतीच्या बरोबर उलट आहे. जो गेम तुम्ही कधी उघडलेलाही नाही, त्याच्या परीक्षणाबाबत तुमचा निर्णय बहुधा ठीकच असतो. घात होतो तो ज्या गेममध्ये तुम्ही शेकडो तास घालवले आहेत, त्याच्या परीक्षणाबाबत.

हे जरा विस्ताराने सांगते, कारण सावध केल्यावरही माणसे नेमकी येथेच अडकतात. 2017 साली आलेल्या ‘हॉलो नाइट’वर अशा स्पर्धांत हमखास लेख येतात. एका लेखात वाक्य होते: “या गेममध्ये मृत्यूची भीती सतत पाठलाग करते आणि नकाशाअभावी वाट चुकण्याचा अनुभव अंगावर येतो.” ज्याने तो गेम खेळला आहे त्याला हे वाक्य तत्काळ पटते, कारण ते वाचताक्षणी त्याला सगळे आठवते. मेल्यावर जवळचे सगळे जिओ, म्हणजे त्या जगातले चलन, मेलेल्या जागीच राहते. तेथे आपलीच काळी छाया घोटाळत असते. तिला हरवून पैसे परत मिळवण्याआधी पुन्हा मरण आले, तर ते कायमचे जातात. नकाशा कॉर्निफरकडून विकत घ्यावा लागतो आणि तो कोठे बसला आहे हे त्याच्या गुणगुणण्यावरून व वाटेत पडलेल्या कागदांवरून हुडकावे लागते. विकत घेतलेल्या नकाशावरही आपण कोठे आहोत हे कळण्यासाठी होकायंत्राचे चार्म, म्हणजे अंगी एखादी शक्ती देणारा ताईत, वेगळे लावावे लागते, आणि नव्याने सापडलेल्या खोल्या नकाशावर चढतात त्या बाकावर, म्हणजे विसाव्याच्या आणि मेल्यावर जेथून पुन्हा सुरुवात होते त्या जागी, जाऊन बसल्यानंतरच. यातले एक अक्षरही त्या लेखात नव्हते. ते सारे परीक्षकाच्या डोक्यात होते, आणि गुण मात्र लेखकाच्या खात्यावर जमा होत होते.

तोच लेख मी वहिनींना वाचायला दिला. वहिनी मराठी वाचन भरपूर करतात, परंतु त्यांनी आयुष्यात मोबाइलवरील पत्त्यांपलीकडे काही खेळलेले नाही. त्यांनी दोन प्रश्न विचारले: “मेल्यावर पुन्हा सुरू करता येते ना, मग भीती कसली?” आणि “नकाशा नाही म्हणजे गेममध्ये नकाशाच नाही, की याला तो मिळाला नाही?” दोन्ही प्रश्नांचे उत्तर लेखात कोठेही नव्हते. याच गठ्ठ्यात त्याच गेमवर एक दुसरा लेख होता, ज्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका जागोजाग होत्या आणि वाक्ये अडखळत होती. त्यात त्या मुलाने लिहिले होते की मेला तेव्हा त्याच्याकडे 800 जिओ होते, ते जेथे राहिले तेथे जाण्याच्या वाटेवर तोच शत्रू पुन्हा उभा असणार हे त्याला माहीत होते, आणि म्हणून तो बराच वेळ बाकावरून उठलाच नाही. पैसे सोडून द्यावेत का, याचा विचार करत राहिला. वहिनींना तो लेख एका वाचनात कळला. मृत्यूची भीती हे शब्द त्यात नव्हते. भीती मात्र होती, आणि ती गेमच्या कोणत्या नियमातून निर्माण होते हेही त्यात होते. मला विचाराल, तर परीक्षण म्हणतात ते याला.

म्हणून माझा आग्रह असा आहे, की लेख वाचून झाल्यावर तो पालथा ठेवावा आणि केवळ या लेखातून गेमबद्दल काय कळले ते चार ओळींत लिहून काढावे. मग लेख पुन्हा उघडून प्रत्येक ओळीचा आधार कोणत्या वाक्यात आहे, हे बोट ठेवून दाखवता येते का, ते पाहावे. ज्या ओळीला आधार सापडत नाही, ती तुमच्या आठवणीतून आलेली असते. ती निर्दयपणे खोडावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला वेळ लागतो. तरीही ते टाळू नका. शक्य असेल तर न खेळलेल्या गेमवरील लेख आधी वाचावेत, कारण त्यांच्यामुळे आपली नजर योग्य जागी बसते आणि मग ओळखीच्या गेमकडे जाताना ती ढळत नाही.

हीच आठवण आणखी एका बाजूने दगा देते, आणि तेव्हा नुकसान निरपराध लेखकाचे होते. गेम हे छापून झालेल्या पुस्तकासारखे स्थिर राहत नाहीत. ‘सायबरपंक 2077’ डिसेंबर 2020 मध्ये आला तेव्हा त्याची अवस्था अशी होती, की सोनीने त्याच महिन्यात तो प्लेस्टेशनच्या आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि जून 2021 मध्ये परत घेतला. त्या काळात गुन्हा केला की पोलीस शून्यातून पाठीमागे प्रकट होत आणि गाडीतून पाठलाग असा होतच नसे. सप्टेंबर 2023 मधील 2.0 या अपडेटनंतर तो होऊ लागला. ज्या परीक्षकाने 2020 साली खेळून गेम बाजूला ठेवला, तो आजच्या विद्यार्थ्याच्या लेखातील पोलिसांच्या पाठलागाचे रसभरित वर्णन वाचून समासात “तथ्यदोष” असे ठामपणे लिहून मोकळा होईल. ‘नो मॅन्स स्काय’बाबतही तेच: ऑगस्ट 2016 मधला तो गेम आणि जुलै 2018 च्या अपडेटनंतर मित्रांसोबत खऱ्या अर्थाने खेळता येऊ लागलेला तो गेम, यांत फार अंतर आहे. आपल्या आठवणीच्या भरवशावर कोणालाही खोटे ठरवू नये. अपडेटची टिपणे पाहावीत, आणि मंडळाला आधीच सांगून ठेवावे की प्रत्येक लेखाच्या आरंभी गेम कोणत्या यंत्रावर आणि केव्हा खेळला, याचा उल्लेख सक्तीचा करा.

आठवणीत अभिमानही मिसळलेला असतो. 2018 साली आलेल्या ‘सेलेस्ट’मध्ये खेळाची गती कमी करण्याची किंवा दम न संपण्याची सोय निर्मात्यांनी स्वतः ठेवली आहे. ती वापरून गेम संपवणाऱ्या विद्यार्थ्याने आपला अनुभव प्रामाणिकपणे लिहिला, तर त्याला अर्धवट खेळलेला ठरवण्याचा मोह कडवे खेळाडू असलेल्या परीक्षकांना होतो. तो मोह आवरावा. ती सोय वापरल्याने नेमके काय सुटले आणि काय हाती आले, हे लेखात असेल तर तो लेख इतरांपेक्षा सरस असू शकतो.

पुण्यात याला आणखी एक पदर आहे. 2020 साली आलेला ‘राजी’ हा गेम पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने बनवला. धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट आहे, दुर्गा आणि विष्णू तिचे निवेदन करतात, आणि त्यातील राजस्थानी वळणाचे महाल पाहताना आपले असे काही पडद्यावर दिसल्याचा आनंद होतो. तो मलाही झाला आणि त्याचा मला अभिमान आहे. परंतु या गेमवर आलेल्या लेखांपैकी बरेचसे आनंदापाशीच थांबतात. कॅमेरा आपल्या हातात नसल्यामुळे उडी मारताना अंतराचा अंदाज कसा चुकतो, किंवा गोष्ट ऐन रंगात असताना कशी संपते, हे लिहिणारा विद्यार्थी पुण्याचा द्रोह करत नाही. पुण्यातील निर्मात्यांना लागणारे वाचक आणि समीक्षक अशाच लेखांतून घडणार आहेत, आणि म्हणून अशा लेखाला हात आखडता घेऊन गुण देणे मला अन्यायाचे वाटते.

मोबाइलवरच्या गेमकडे नाक मुरडणाऱ्यांनी हे काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लेस्टेशन 5 फेब्रुवारी 2021 मध्ये भारतात आला तेव्हा डिस्क लागणाऱ्या यंत्राची किंमत 49,990 रुपये होती. घरातल्या एकाच फोनवर, तोही वडील कामावरून परतल्यावर, खेळणारी मुले या स्पर्धांत लिहितात, आणि त्यांच्या लेखांत विषय कमी प्रतिष्ठेचा असला तरी निरीक्षण कमी प्रतीचे नसते. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, जुलै 2021 मध्ये त्याचीच भारतासाठीची आवृत्ती असलेला बीजीएमआय आला, वर्षभराने तोही बंद होऊन मे 2023 मध्ये परतला. आपली खेळाडू ओळख, मित्रांची टोळी आणि संध्याकाळ अशी वारंवार हिरावली गेल्यावर काय वाटते, हे ज्यांना लिहिता येते त्यांना जरूर ऐकावे.

मात्र येथे एका शब्दावर अडून राहावे, तो म्हणजे लॅग. “गेम खूप लॅग होतो” हे वाक्य निम्म्या लेखांत असते आणि त्यातून काहीच कळत नाही. आधी गोळी झाडूनही आपणच मेलो, असे होत असेल, तर तो बहुधा इंटरनेट आणि सर्व्हर यांच्यातील विलंबाचा प्रश्न असतो. सुरुवातीला सुरळीत चालणारे चित्र काही वेळाने अडखळू लागले आणि फोनची पाठ तापलेली असली, तर फोन उष्णता आवरण्यासाठी स्वतःच मंद झालेला असतो. आणि सेकंदाला 60 चित्रांऐवजी 30 चित्रेच मिळत असतील, तर प्रत्येक चित्र सुमारे 17 ऐवजी 33 मिलिसेकंद पडद्यावर टिकते व बोटाला हालचाल जड लागते. विद्यार्थ्याला हे आकडे माहीत असण्याची गरज नाही. काय घडले, केव्हा घडले आणि बोटाला काय जाणवले, एवढे त्याने लिहिले तरी पुरे. केवळ दुसऱ्याचे खेळणे यूट्यूबवर पाहून लिहिलेला लेखही येथेच ओळखू येतो: त्यात दृश्ये असतात, संवाद असतात, परंतु हाताला आलेला अनुभव कोठेच नसतो. तरीही शंकेवरून कोणाला बाद करू नका. दहा मिनिटे बोलावून घ्या आणि गप्पा मारा. संगणकाने लिहिलेला मजकूर ओळखून देणाऱ्या साधनांपेक्षा माझा या दहा मिनिटांवर अधिक विश्वास आहे.

गुणपत्रकाबाबत माझा अनेक ज्येष्ठांशी मतभेद आहे आणि तो राहील. ग्राफिक्स, आवाज, कथा, गेमप्ले असे रकाने आखून प्रत्येकी दहा गुण देण्याची पद्धत सोपी आहे, आणि म्हणूनच ती घातक आहे, कारण ती पाहून मुलेही रकान्यांप्रमाणे लिहू लागतात. आकड्याचे वजन किती असते याचे उदाहरण त्यांना सांगावे: 2010 साली आलेल्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ला परीक्षणांतील गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर 85 ची सरासरी मिळाली असती तर तो घडवणाऱ्या चमूला बोनस मिळणार होता, आणि सरासरी आली 84. त्यामुळे ज्या आकड्यामागचे कारण लेखात नाही, तो आकडा लेखात असू नये, असे मी मंडळांना सांगते. आणि “पहिला व शेवटचा परिच्छेद वाचला की लेख कळतो” असा मंत्र कोणी अनुभवी परीक्षक देऊ लागले, तर त्यांना नमस्कार करावा आणि लेख पूर्ण वाचावा.

शिकायचेच असेल, तर एकांकिकांच्या परीक्षकांकडून शिकावे. पुण्यात त्यांची उणीव नाही. 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत 2022 साली परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची वाटली नाही आणि करंडक कोणालाच दिला गेला नाही. त्यावर वाद झाला, तो होणारच होता. गेमच्या परीक्षणांच्या स्पर्धेत पहिले बक्षीस रोखण्याची वेळ आली, तर ते रोखण्याचा अधिकार परीक्षकाला असावा, असे मी मानते; फक्त हा अधिकार वापरणाऱ्याने प्रत्येक लेखावर सविस्तर शेरा लिहिलेला असला पाहिजे, अन्यथा मुलांना ती नुसती हेटाळणी वाटते.

शेरा लिहिताना “छान प्रयत्न” असे लिहू नये. लेखातले एक वाक्य उतरवून घ्यावे आणि ते का साधले हे सांगावे. दुसरे एक उतरवून घ्यावे आणि वाचकाला तेथे कोणता प्रश्न पडतो, तो जसाच्या तसा लिहावा. ‘हॉलो नाइट’च्या त्या पहिल्या लेखावर मी वहिनींचे दोन्ही प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहिले होते आणि पुढे एवढेच जोडले होते की याची उत्तरे तुला नक्की माहीत आहेत, ती पुढच्या लेखात येऊ देत. सुरुवातीला एका शेऱ्याला अर्धा तास लागला, तर घाबरू नका. तेवढा लागतोच, आणि सरावाने तो कमी होतो. शेऱ्यांची एक प्रत मात्र स्वतःजवळ ठेवावी, कारण निकालानंतर मुले भेटायला येतात आणि त्यांतली काही चांगलीच भांडतात. तेव्हा लेख समोर उघडून त्याच वाक्यावर बोट ठेवता आले पाहिजे. त्यांचे म्हणणे खरे निघाले, तर निकाल बदलता येत नसला, तरी शेरा दुरुस्त करून मंडळाकडे पाठवता येतो, आणि मी तो पाठवत आले आहे.