सुगरणीच्या वसाहतीवर पहिला पावसाळा: नोंदी कशा ठेवाव्यात

सुगरण हे नाव बाईचं, पण खोपा विणतो नर. पक्ष्यांच्या कुटुंबव्यवस्थेचा अभ्यास शिकायला महाराष्ट्रात याहून सोयीचा पक्षी नाही. गावालगतच्या विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर किंवा शिंदीच्या झाडावर अख्खी वसाहत लोंबत असते आणि घर बांधण्यापासून पिल्लं उडेपर्यंतचा सगळा संसार उघड्यावर चालतो.

सुरुवात अर्धवट खोप्यांपासून करा. वर घुमट, खाली दोन तोंडं आणि मधे आडवी पट्टी. याला शिरस्त्राण अवस्था म्हणतात. जुन्या समजुतीप्रमाणे हा नराचा झोपाळा, आणि आतले ओल्या मातीचे गोळे काजवे चिकटवून उजेड करण्यासाठी. १९३०च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला सालिम अलींनी सुगरणीच्या वसाहतीवर सतत लक्ष ठेवलं तेव्हा खरा प्रकार कळला. नर इथपर्यंत विणून थांबतो. माद्या येतात, पट्टीवर बसतात, धागे ओढून पाहतात. एखादीला खोपा पसंत पडला तरच तो अंड्यांची खोली बंद करतो आणि खाली नळी जोडतो. मादी अंड्यांवर बसली की गडी पुढचा खोपा घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे निरीक्षण १९३१ साली बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) नियतकालिकात छापून आलं. यातलं काहीही एका दिवसाच्या फेरीत दिसत नाही. प्रत्येक खोप्याची तारीखवार नोंद असेल तरच दिसतं.

म्हणून मे महिन्यातच जागा ठरवा. गेल्या वर्षीचे वाळके खोपे असलेली झाडं शोधा, शेतमालकाला भेटा, कधी येणार ते सांगून ठेवा. (ही भेट टाळली तर विहिरीवरचा पंप, फवारणी आणि झाडाची छाटणी तुमच्या वेळापत्रकाला विचारून होत नाहीत.) मग झाडाचा दोन बाजूंनी मोठा नकाशा काढा, फांद्यांना अक्षरं द्या आणि पहिली गाठ दिसताच खोप्याला क्रमांक द्या: क-१, क-२. खोपा पडला, तोडला गेला किंवा नरानंच उसवला, तरी तो क्रमांक पुन्हा वापरायचा नाही. सर्वांत जास्त वह्या इथेच बिघडतात. त्याच फांदीवर नवा खोपा उभा राहतो, जुना क्रमांक त्याला चिकटतो आणि शेवटी एकाच खोप्याला दोन महिन्यांचं आयुष्य मिळतं.

अवस्था पाचच ठेवा: गाठ, कडं (गाठीखाली विणलेलं वर्तुळ), शिरस्त्राण, बंद खोली, पूर्ण नळी. शिरस्त्राणापर्यंत साधारण ८ दिवस आणि पूर्ण खोप्याला एकूण १८च्या आसपास लागतात. पाऊस रेंगाळला किंवा भाताची, गवताची हिरवी पाती मिळेनाशी झाली की काम थांबतं, म्हणून वहीत पावसाचाही एक रकाना हवा. उजाडल्यापासून १० पर्यंत आणि दुपारी ३ नंतर बसा. १० ते १५ मीटरवर मोठी छत्री आणि तिला लोंबणारं मळकट कापड एवढा आडोसा पुरतो, पण तो रोज एकाच जागी लावा. दर १५ मिनिटांनी सगळ्या खोप्यांवरून नजर फिरवून कुठे कोण आहे ते टिपा. मधल्या वेळात एकच खोपा धरून त्यावर नरानं किती पाती आणली, मादी किती वेळा आत शिरली, किती सेकंद थांबली हे मोजा. माद्या आल्या की सगळे नर एकदम पंख फडफडवून कलकलाट करतात आणि नवखा माणूस तो गोंधळ बघत राहतो. त्या क्षणी नजर ठरलेल्या खोप्यावरच हवी. लिहायला पेन्सिल वापरा, शाई पहिल्याच सरीत पसरते.

आता खरी अडचण. माद्या सगळ्या सारख्या, चिमणीच्या मादीसारख्याच मातकट. विणीतल्या नरांचं पिवळं डोकं आणि काळपट मुखवटा उठून दिसतो, पण हा नर कालचाच का, हे पायात रंगीत कड्या असल्याशिवाय सांगता येत नाही. शेजारचे नर एकमेकांच्या खोप्यातले धागे चोरतात, त्यामुळे ‘खोप्यावर बसला तो मालक’ हेही गृहीत धरता येत नाही. कड्या घालायला वनखात्याची परवानगी आणि प्रशिक्षित हात लागतात. तेव्हा पहिल्या वर्षी ‘एका नराच्या किती माद्या’ हा प्रश्न घेऊच नका. ‘कोणते खोपे पसंत पडले’ हा घ्या, त्याला कड्या लागत नाहीत.

या प्रश्नावर पक्षी अभ्यासक सुहेल क्वादर यांचं काम आहे. माद्या विणकामाच्या सफाईपेक्षा जागा बघतात, असं त्यांना आढळलं. उंच खोपा, काटेरी झाड, जाड फांदी. तुमच्या वसाहतीत तसंच आहे का, हे तपासण्यासारखं आहे. दर अर्ध्या मीटरवर रंगाचा पट्टा मारलेल्या बांबूनं उंची आणि होकायंत्रानं दिशा घ्या. नाकारलेल्या खोप्यांचीही मापं त्याच दिवशी घ्या, कारण नर ते पुढे उसवून टाकतात आणि मग तुलनेला फक्त यशस्वी खोपे उरतात.

अंडी मोजण्याच्या मोहात पडू नका. नळी फाटली की खोपा गेला. मादी तासातासाला बराच वेळ आत राहू लागली की अंडी धरा, चोचीत किडे घेऊन येऊ लागली की पिल्लं. उबवणं साधारण १५ दिवस, पिल्लांचे पुढे १७, चारा देण्याचं काम मुख्यतः तिचंच.

हिशेबात मात्र बहुतेक जण फसतात. समजा अंडी असलेले १२ खोपे पाहिले, प्रत्येक सरासरी १० दिवस, आणि ३ उद्ध्वस्त झाले. यश ७५ टक्के वाटतं. पण ज्या दिवसांत तुम्ही पाहत नव्हता त्यांचा धोका यात धरलेलाच नाही. अमेरिकी पक्षी अभ्यासक मेफिल्ड यांची १९६१ची पद्धत वापरा. १२ खोपे गुणिले १० दिवस, अशा १२० खोपा-दिवसांत ३ नष्ट, म्हणजे रोज टिकण्याची शक्यता ०.९७५. उबवणं आणि पिल्लं मिळून ३२ दिवसांसाठी तिचा ३२वा घात घेतला की उरतात ४४ टक्के. त्यासाठी वहीत पहिली आणि शेवटची भेट, दोन्ही तारखा हव्यात.

पुढे शिकायचं तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस) इथे वन्यजीवशास्त्रात एमएससी आहे. त्याआधी ‘आर’ ही आकडेमोडीची संगणकभाषा आणि मराठीत का होईना, रोज संध्याकाळी वही उतरवून काढण्याची सवय लावून घ्या.

विणीचा हंगाम सरल्यावर वसाहत शांत झाली तरी जुन्या खोप्यांत ये-जा दिसत राहील. ‘उशिरा वीण’ असं लिहिण्याआधी चोच आणि शेपूट नीट बघा. पांढऱ्या कंठाच्या मुनिया सुगरणीचे रिकामे खोपे वापरतात.